तुसड्या माणसाचं अपील

माणसाने चाळिशीनंतर नवीन शब्द शिकू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. पोहायला शिकावं, बासरी शिकावी, त्याचा त्रास फार तर शेजाऱ्यांना होतो. शब्दाचं तसं नाही. नवा शब्द हाताशी आला की तो कुठेतरी वापरल्याशिवाय चैन पडत नाही, आणि माझ्यासारख्या कार्यालयीन माणसाला शब्द वापरायला हक्काची जागा एकच असते, ती म्हणजे छापील फॉर्ममधला रकाना.

मुलीच्या शाळेत 'शब्दसंपदा' नावाची एक वही असते. रोज एक शब्द, त्याचा अर्थ आणि त्याच दिवशी वाक्यात उपयोग. त्या सोमवारचा शब्द होता 'तुसडा'. अर्थ दिला होता, 'ज्याचे बोलणे-वागणे तुटक असते आणि ज्यात आपुलकी नसते असा.' मुलीने बुटाची नाडी बांधता बांधता वाक्य केलं, "आमच्या शाळेचे रखवालदार तुसडे आहेत." मी तिला म्हटलं की वाक्य बरोबर आहे, पण त्यात जीव नाही. मग वाक्यात जीव कसा ओततात हे मी तिला सोदाहरण समजावून देत होतो, तेवढ्यात तिची शाळेची बस निघून गेली. त्यावर सौभाग्यवती जे बोलल्या त्या वाक्यांत भरपूर जीव होता. असो.

आमचं कार्यालय इमारतींचे नकाशे मंजूर करतं, म्हणजे बहुतेक वेळा करत नाही. मी तिथल्या एका शाखेचा प्रमुख आहे. आमच्या शाखेचे जुने नकाशे तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये असतात आणि ती रेकॉर्ड रूम एकोणीस वर्षं एकच गृहस्थ सांभाळतात. त्यांना सगळं कार्यालय 'कुलूप' म्हणतं. कारण उघड आहे. तुम्ही त्यांना काहीही विचारा, उत्तर एका शब्दात येतं, फार तर दोन. "नकाशा मिळेल का?" "बसा." "किती वेळ लागेल?" "चार मिनिटं." "आज फार उकडतंय, नाही?" यावर उत्तरच नाही. उकाड्याची फाइल त्यांच्याकडे नसावी.

त्याच सोमवारी माझ्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून कार्यालयाने मला मानपत्र दिलं. चांगलं जाड कागदाचं, सोनेरी किनारीचं. मी ते चारही मजल्यांवर दाखवलं. मिरवायचं म्हणून नव्हे, लोकांना बघायचं असतं. ज्यांना ते पटकन वाचता येत नव्हतं त्यांना मी वाचून दाखवलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. लिफ्ट चालवणाऱ्याने तर दोनदा केलं, कारण मी लिफ्टने दोनदा गेलो. शेवटी तळघरात उतरलो. कुलूप शिडीवर होते. मी मानपत्र वर धरलं. त्यांनी शिडीवरूनच नजर टाकली आणि म्हणाले, "पाहिलं. दार लावा."

मी दार लावलं. बाहेरून. पायऱ्या पाय आपटत चढलो. टेबलावर येऊन बसलो तर समोर वार्षिक गोपनीय अहवालांचं काम उघडं होतं.

आता या अहवालांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. हाताखालच्या प्रत्येक माणसाबद्दल शाखाप्रमुखाने दरवर्षी हा अहवाल भरायचा असतो आणि तो गोपनीय असतो, म्हणजे कोणीच वाचत नाही. त्यात 'वागणूक' असा रकाना आहे. माझ्याआधीचे प्रमुख त्यात 'चांगली' लिहीत, त्यांच्याआधीचेही लिहीत, मीही गेल्या वर्षीचं बघून लिहीत आलो. आमच्याकडचा एक शिपाई वारला, त्यानंतरही दोन वर्षं त्याची वागणूक चांगली होती. पण यंदापासून हे सगळं संगणकावर आलं. 'उत्कृष्ट', 'चांगली', 'साधारण' आणि 'इतर' असे चार पर्याय. 'इतर' दाबलं की एक छोटी रिकामी चौकट उघडते. त्या चौकटीकडे मी पाहिलं आणि मला सकाळची वही आठवली. मी टाइप केलं, 'तुसडी'. काय नेमका बसला होता तो शब्द. मी दोनदा वाचला, 'पाठवा' दाबलं आणि समाधानाने डबा खाल्ला.

चौथ्या दिवशी आस्थापना शाखेतल्या बाईंचा फोन आला. या बाई कार्यालयातल्या सगळ्यांच्या बदल्या, बढत्या, रजा सांभाळतात, त्यामुळे त्यांचा फोन आला की माणूस बसला असेल तर उभा राहतो.

"तुम्ही काय लिहून ठेवलंय?" बाई म्हणाल्या. "माझा पडदा लाल झालाय."

"तुसडी," मी विनयाने म्हटलं. शब्दाचं कौतुक होणार असं मला वाटलं.

"यादीबाहेरचा कुठलाही शब्द संगणक प्रतिकूल शेरा धरतो. आता नियमाप्रमाणे तुम्हाला तीन प्रसंग लेखी द्यावे लागतील. पुराव्यासह."

मी म्हटलं, तीन काय, तीनशे देतो. कोऱ्या कागदाचा गठ्ठा घेतला आणि लिहायला बसलो. प्रसंग पहिला: 'अमुक तारखेला मी एक नकाशा मागितला असता सदर कर्मचाऱ्याने केवळ "चार मिनिटं" असे उत्तर दिले.' आता पुढे काय झालं तेही लिहिणं भाग होतं. नकाशा चार मिनिटांत मिळाला. प्रसंग दुसरा: 'मी हरवलेल्या फाइलबद्दल सविस्तर विवेचन करीत असता सदर कर्मचाऱ्याने मला मध्येच तोडून "तुमच्या कपाटात" असे म्हटले.' फाइल माझ्याच कपाटात होती. तिसरा प्रसंग मानपत्राचा. तो मी पाच वेळा लिहिला, पण कसाही लिहिला तरी त्यात एक माणूस शिडीवर चढून काम करतोय आणि दुसरा माणूस सोनेरी किनारीचा कागद हलवतोय, असंच चित्र येत होतं. तिन्ही प्रसंग एकत्र वाचले तर मी कुलुपांची शिफारस केली आहे असं कुणालाही वाटलं असतं. तरी पाठवले. माघार घ्यायची म्हणजे स्वाभिमानाचा प्रश्न येतो.

पुढच्या आठवड्यात रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात एक अनोळखी बाई उभ्या होत्या. त्या बसायच्या आतच बोलायला लागल्या.

"मी त्यांची मिसेस. रेकॉर्ड रूमवाल्यांची. साहेब, त्यांना माहीत नाही मी आलेय. सांगू नका. माहीत झालं तरी ते काही बोलायचे नाहीत म्हणा, पण सांगू नका. चौदा वर्षांनी त्यांची बढती आली होती, दुसऱ्या मजल्यावर, आवक शाखेत. खिडकी आहे तिथे, मी बघून आलेय. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय, तळघरातली धूळ थांबवा, छातीत बसलीय. रात्री झोपताना अशी शिट्टी वाजते त्यांच्या छातीतून. आणि आता पत्र आलंय, बढती थांबवली, वागणुकीबद्दल शेरा आहे. मी म्हटलं, अहो, कुणाला काय बोललात? तर म्हणाले, 'जास्त नाही.'"

माझ्या हातातला पेपर मी खाली ठेवला. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि ती त्या बाईंकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"तुसडे आहेत हो ते," त्या बाई म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणते? सत्तावीस वर्षं मीच तर ऐकतेय. पण त्यासाठी माणसाला तळघरात ठेवायचं का?"

त्या गेल्यावर मी सौ.ला सगळी पार्श्वभूमी समजावून सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, "कळलं." मी म्हटलं, "माझी बाजू ऐकून तर घे." ती म्हणाली, "नको." जेवताना आमटीत मीठ कमी आहे का विचारलं तर म्हणाली, "घ्या." माझ्याच घरात माझ्याच शब्दाचा वाक्यात उपयोग चालू होता, आणि तोही तिन्ही त्रिकाळ.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं होतं. शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे माझं मानपत्र होतं. त्यांची छाती नव्हती. सोमवारी सकाळी मी आस्थापनेत गेलो आणि बाईंना म्हटलं, "तो शब्द मागे घेतो. चांगली करून टाका."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू गेलेल्या ट्रेनला हात करतोय. "दिलेला शेरा देणाऱ्याला मागे घेता येत नाही. नाहीतर लोक चिरीमिरी घेऊन घेऊन मागे घेतील. ज्याच्यावर शेरा आहे त्याने तीस दिवसांत अपील करायचं. चौदा झाले."

"पण चूक माझी आहे."

"तुमच्या चुकीसाठी फॉर्म नाही," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी समोरच्या घरातले निवृत्त बेलिफ भेटले. आयुष्यभर लोकांच्या दारावर कोर्टाचे समन्स चिकटवल्यामुळे त्यांना कायदा येतो, अशी त्यांची समजूत आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून म्हणाले, "सोपं आहे. तुम्ही त्या माणसावर अन्याय केलाय, हे त्याच्या मनावर बिंबवा. तो पेटून उठला पाहिजे. पेटला की अपील करतोच. आणि हो, हे बिंबवताना साक्षीदार ठेवा." मी विचारलं, साक्षीदार कशाला. ते म्हणाले, "तो पेटल्यावर लागेल."

साक्षीदार न घेताच मी तळघरात उतरलो. पायऱ्या उतरतानाच खोकला ऐकू आला.

"तुमच्यावर घोर अन्याय झाला आहे," मी सुरुवात केली.

"कोणी केला?"

"मी केला. मी तुम्हाला तुसडे म्हटलं."

कुलुपांनी थोडा विचार केला. "बरोबर आहे."

"बरोबर नाहीये. तुम्ही अपील करा. लिहा की हा शेरा खोटा, द्वेषमूलक आणि निराधार आहे."

"नाही."

"का नाही?"

"खरा आहे."

मी एका खोक्यावर बसलो आणि त्यांना पटवायला लागलो. ते तुसडे कसे नाहीत, याचे मी अनेक दाखले दिले. वरवर कठोर वाटणारी माणसं आतून किती मृदू असतात, यावर बोललो. माझ्या एका आतेभावाचं उदाहरण दिलं. त्या अवधीत कुलुपांनी सत्तर नकाशे गुंडाळून नळकांड्यांत भरले. शेवटी म्हणाले, "उठा. खोकं हवंय."

यानंतरचे दोन आठवडे मी रोज तळघरात जात होतो. जगात कुठल्याही वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला 'माझ्याविरुद्ध तक्रार करा हो' म्हणून इतकं विनवलं नसेल. अपीलही मीच लिहून नेलं. चार पानी होतं. माझ्याविरुद्ध इतकं चांगलं मी आजवर काही लिहिलेलं नाही. 'सदर शाखाप्रमुख हे आत्मप्रौढीने आंधळे झाले असून,' अशी सुरुवात होती. लिहिताना मलाच माझा राग येत होता. कुलुपांनी ते उभ्या उभ्या वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि खाडाखोड करायला लागले. 'मी मनमिळाऊ असून' खोडलं. 'सहकाऱ्यांच्या सुखदुःखात सहभागी होतो' खोडलं. 'माझ्या हसतमुख स्वभावामुळे' या ठिकाणी ते जरा थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि दोन रेघा मारल्या. चौथ्या पानाच्या शेवटी फक्त 'आपला विश्वासू' शिल्लक राहिलं.

तिसाव्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत अपील नव्हतं. मी आस्थापनेच्या दारात येरझाऱ्या घालत होतो. आस्थापनेचे लोक मला टाळायला लागले होते. साडेचारला कुलूप जिना चढून आले. जिन्याच्या तीन टप्प्यांवर ते तीनदा थांबले, आणि प्रत्येक टप्प्यावर ती शिट्टी मला वरून ऐकू आली. त्यांनी बाईंच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'अपील करतो.' खाली सही.

"कारण?" बाईंनी विचारलं.

"बायको," ते म्हणाले.

सुनावणी पुढच्या गुरुवारी झाली. वरिष्ठ मॅडमनी आम्हाला दहा मिनिटं दिली होती, आणि त्या घड्याळ काढून टेबलावर ठेवणाऱ्यांतल्या होत्या. त्यांनी थेट कुलुपांना विचारलं, "तुम्ही तुसडे आहात, असं तुमचे प्रमुख म्हणतात. आहात का?"

"हो."

"मग अपील संपलं," मॅडम म्हणाल्या आणि फाइल मिटू लागल्या.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, मॅडम, हा यांचा विनय आहे. प्रत्यक्षात हे अत्यंत प्रेमळ आहेत. मागच्या हिवाळ्यात मी आठवडाभर आजारी होतो, तेव्हा यांनी माझी आपुलकीने विचारपूस केली होती.

"खोटं," कुलूप म्हणाले.

"मग काय केलंत तुम्ही त्या आठवड्यात?" मॅडमनी विचारलं.

"काम. शांतता होती."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. बढती डोळ्यांदेखत चालली होती, आणि ती घालवणारा मीच होतो. मग मात्र मी खरं सांगून टाकलं. मॅडम, या माणसाने एकोणीस वर्षांत एकही नकाशा हरवू दिलेला नाही. त्याला धुळीने दम लागतो. मी तो शब्द लिहिला, कारण याने माझ्या मानपत्राचं कौतुक केलं नाही. बस, एवढंच कारण आहे. मला राग आला होता. हे सांगताना माझा आवाज चिरकला, आणि तो मुद्दाम चिरकवलेला नव्हता. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मॅडमचा चेहरा निवळलेला पाहून मला धीर आला, घड्याळात दोन मिनिटं शिल्लक दिसली, आणि मी म्हटलं, "बढती देताना फक्त एवढं करा मॅडम, यांना यापुढे निदान पूर्ण वाक्यांत बोलायला सांगा. बाकी माझं काही मागणं नाही."

मॅडमनी तीन ओळींचा आदेश दिला. शेरा वैयक्तिक रागातून दिल्याचे प्रमुखांनी स्वतः मान्य केल्याने वगळण्यात यावा. बढती तात्काळ देण्यात यावी. संबंधितांनी कार्यालयात यापुढे पूर्ण वाक्यांत बोलावे.

सौ.ने त्या संध्याकाळी मला पुन्हा पूर्ण वाक्यांत बोलायला सुरुवात केली. बेलिफ म्हणाले, हा निकाल त्यांच्या सल्ल्यामुळेच लागला. मला मात्र एकाच गोष्टीची ओढ लागली होती. मी त्या माणसासाठी भर सुनावणीत स्वतःचा पाणउतारा करून घेतला होता. आभाराचे दोन शब्द, निदान आता, निदान आदेशानुसार, यायला हरकत नव्हती.

सोमवारी मी दोन कप चहा घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलो. कुलूप खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. खिडकी उघडी होती. खोकला नव्हता. मी चहा ठेवला, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "मग? आता तरी बोला काहीतरी."

त्यांनी ड्रॉवरमधून आदेशाची प्रत काढली, तिसरी ओळ वाचली आणि प्रत परत ठेवली.

"पूर्ण वाक्यांत बोलायचा आदेश आहे म्हणून बोलतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका सलग मी प्रथमच ऐकत होतो, चांगला भरदार होता. "तुम्ही एकोणीस वर्षं तळघरात येताय. दोन मिनिटांचं काम असतं आणि तुम्ही चाळीस मिनिटं बसता. तुमची पाठदुखी, तुमच्या मेहुण्याचं घर, तुम्ही साहेबांना काय ऐकवलंत आणि काय ऐकवणार होतात, हे सगळं मला पाठ आहे. या एकोणीस वर्षांत तुम्ही मला एकही प्रश्न असा विचारला नाहीत ज्याचं उत्तर तुम्हाला ऐकायचं होतं. मी खोकत होतो तेव्हा तुम्ही खोकला थांबायची वाट बघायचात आणि पुढचं सांगायचात. मला रोज वाटायचं की तुम्हाला हे तोंडावर सांगावं. पण तुम्ही माणूस वाईट नाही, तुम्हाला लागलं असतं. म्हणून मी एका शब्दात आटपायचो. तुम्ही त्याला तुसडेपणा म्हणालात, त्याचंही मला काही वाटलं नाही. बाहेरून तसंच दिसतं. आणि सुनावणीत तुम्ही खरं बोललात, त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे. हेही वाक्य पूर्ण आहे."

मग त्यांनी चहाचा कप उचलला आणि शांतपणे प्यायला लागले.

मला उत्तर द्यायचं होतं. माझ्याजवळ पंचवीस वर्षांचा अनुभव होता, आतेभावाचं उदाहरण होतं, परिस्थितीच्या अनेक बाजू होत्या. पण मी "छाती आता कशी आहे?" एवढंच विचारलं, आणि ते सांगत होते तेवढा वेळ बसून राहिलो. सात-आठ मिनिटं लागली असतील. त्यांचं संपल्यावर मी "बरं" म्हणालो आणि खाली आलो.

घरी गेल्यावर सौ.ने उत्सुकतेने विचारलं, "काय म्हणाले हो ते?"

"आभार मानले," मी म्हटलं.

ती आणखी काहीतरी येण्याची वाट बघत उभी राहिली. आलं नाही तेव्हा तिने हात पुसला आणि माझ्या कपाळाला लावून पाहिला.